नागरिकत्वाचा अर्ज, जुनी अटक आणि चारित्र्याचा पुरावा

न्यू जर्सीतील एका वाचकाचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांचे म्हणणे येथे देत आहे.

«मी मूळचा सांगलीचा. पत्नी, सोळा वर्षांचा मुलगा आणि मी, तिघांनाही ग्रीन कार्ड मिळून सहा वर्षे होत आली. साडेतीन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेलेली असताना एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटवर मी काही वस्तू स्कॅन न करता पिशवीत टाकल्या. किंमत सत्तर डॉलरच्या आतबाहेर. बाहेर पडताना अडवले, पोलिसांनी नेले, बोटांचे ठसे घेतले आणि संध्याकाळी सोडले. म्युनिसिपल कोर्टात वकिलाच्या सल्ल्याने मी गुन्हा कबूल केला, वर्षभर देखरेखीखाली राहिलो, खटला रद्द झाला आणि पुढे ती नोंदही एक्सपंज झाली, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने पुसली गेली. वकील म्हणाले, आता कोणी विचारले तर अटक झालीच नाही असे सांगायला हरकत नाही. पत्नीला सर्व ठाऊक आहे, आईवडिलांना नाही. आम्हा दोघांना याच वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. अटकेचा उल्लेख करावा का? सांगलीच्या पोलीस ठाण्यातून चारित्र्याचा दाखला मागवून जोडला तर उपयोग होईल का? कॉलेजात असताना एका आंदोलनात आम्हा पंधरा-वीस जणांना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले होते, तेही सांगायचे का? हल्ली शेजाऱ्यांकडे चौकशी करतात असे ऐकतो, ते खरे का? आणि एक, पुण्याच्या फ्लॅटचे भाडे एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या कमाईसाठीच्या) खात्यात जमा होते, ते इथल्या टॅक्समध्ये आम्ही आजवर दाखवलेले नाही. याचा चारित्र्याशी काही संबंध येतो का?»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. अटकेचा उल्लेख करायचा. अर्जात करायचा, कागदपत्रांसह करायचा आणि मुलाखतीत विचारल्यावर तोंडीही तसाच करायचा. यात कमी-जास्त काही नाही.

वकिलांनी तुम्हाला जे सांगितले ते न्यू जर्सी राज्याच्या कायद्यापुरते खरे आहे. नोंद एक्सपंज झाली की बहुतेक कामांसाठी ती अटक घडलीच नव्हती असे राज्याचा कायदा मानतो. परंतु नागरिकत्व हा केंद्र सरकारचा विषय आहे, आणि स्थलांतराच्या केंद्रीय कायद्यापुढे राज्याने पुसलेली नोंद पुसलेली ठरत नाही. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात अटकेचा प्रश्न विचारला जातो तो «कधीही» या शब्दासह, म्हणजे पाच वर्षांतले नव्हे तर आयुष्यातले विचारले जाते. नोंद सीलबंद झाली असली, खोडली गेली असली किंवा वकिलाने वा न्यायाधीशाने आता नोंद उरलेली नाही असे सांगितले असले, तरीही उत्तर होकारार्थीच द्यायचे असते. शिवाय अर्जानंतर तुमच्या बोटांचे ठसे घेऊन एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडे पाठवले जातात, आणि त्या संध्याकाळी पोलिसांनी घेतलेले ठसेही बहुधा तिथे पोहोचलेले असतात. मुलाखत घेणारा अधिकारी तुमच्यासमोर बसतो तेव्हा त्या अटकेचा कागद त्याच्या फायलीत असण्याची शक्यता दाट असते. तो प्रश्न माहिती मिळवण्यासाठी विचारतो असे समजू नका.

येथे कायद्यातली एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्यातली बरीच माणसे नेमकी इथे फसतात. चांगले नैतिक चारित्र्य नसल्याचे मानले जाईल अशा गोष्टींची यादी कायद्यातच दिली आहे, आणि नागरिकत्वासारखा लाभ मिळवण्यासाठी शपथेवर खोटे बोलणे ही त्या यादीतली एक स्वतंत्र बाब आहे. १९८८ साली कुंगीस खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ते खोटे महत्त्वाच्या मुद्द्यावर असण्याची गरज नाही. शपथ घेऊन, तोंडी, लाभ मिळवण्याच्या हेतूने खोटे बोललात की मुद्दा कितीही क्षुल्लक असला तरी चारित्र्याची अट मोडली. म्हणजे सत्तर डॉलरच्या वस्तूंनी जे नुकसान झाले नसते, ते «नाही, मला कधी अटक झालेली नाही» या एका वाक्याने होऊ शकते. आणि ते नुकसान नागरिकत्व मिळाल्यावरही पाठ सोडत नाही. खोट्याच्या आधारे मिळवलेले नागरिकत्व पुढे रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे.

आता त्या गुन्ह्याकडे वळतो. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला कंडिशनल डिसमिसल मिळाले असावे. न्यू जर्सीच्या या योजनेत आधी गुन्हा कबूल करावा लागतो, मग वर्षभर देखरेख, आणि ती नीट पार पडली की खटला रद्द. राज्याच्या दृष्टीने शिक्षा झालीच नाही. केंद्रीय कायदा मात्र दोनच गोष्टी पाहतो: गुन्ह्याची कबुली दिली का, आणि त्यापोटी न्यायाधीशाने काही शिक्षा वा बंधन घातले का. दोन्हींचे उत्तर होय असेल तर पुढे खटला रद्द झाला तरी तुम्ही दोषी ठरलात असेच धरले जाते. म्युनिसिपल कोर्टात जे वकील रोज किरकोळ खटले चालवतात त्यांना ही बाजू अनेकदा ठाऊक नसते, आणि सद्भावनेने दिलेला सल्ला स्थलांतरिताला महागात पडतो. ज्यांच्यावर असा प्रसंग आज ओढवला आहे त्यांनी गुन्हा कबूल करण्याआधी स्थलांतराच्या वकिलाला एकदा तरी विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, म्हणून पुढचे लगेच सांगतो. चोरी हा कायद्याच्या भाषेत नैतिक अधःपाताचा गुन्हा मानला जातो, परंतु त्यात किरकोळ गुन्ह्याचा अपवाद आहे. आयुष्यात असा एकच गुन्हा घडला असेल, त्याला कायद्याने जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतच कैद होऊ शकत असेल आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांपेक्षा अधिक कैद सुनावली गेली नसेल, तर तो अपवाद लागू होतो. न्यू जर्सीत दोनशे डॉलरच्या आतली दुकानातली चोरी डिसऑर्डरली पर्सन्स या किरकोळ गुन्ह्यांच्या वर्गात मोडते आणि तिला कमाल सहा महिने कैद आहे. तुमचा हा पहिला आणि एकमेव गुन्हा असेल तर कायदा तुमच्यापुढे आपोआप आडवा येत नाही. मात्र अपवाद लागू झाला म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. एखादे बेकायदा कृत्य तुमच्या चारित्र्यावर बोट ठेवणारे आहे का, हे पाहण्याचा वेगळा अधिकार अधिकाऱ्याला नियमांनी दिला आहे. म्हणजे तुमचे प्रकरण त्याच्या विवेकाच्या कक्षेत येते, आणि तेथे सिद्ध करण्याची जबाबदारी संपूर्णपणे अर्जदाराची असते.

म्हणूनच माझा सल्ला आहे की तुम्ही स्वतः या वर्षी अर्ज करू नये.

कायदा चारित्र्याची मुख्य तपासणी अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांची करतो आणि ती शपथविधीच्या दिवसापर्यंत चालू राहते. अमेरिकन नागरिकाशी विवाह झालेल्यांसाठी हा काळ तीन वर्षांचा असतो, तो तुम्हाला लागू नाही. तुमचा प्रसंग साडेतीन वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे आज अर्ज केलात तर तो या काळाच्या ऐन मध्यावर येतो. दीड वर्ष थांबलात तर बाहेर जातो. पाच वर्षांपलीकडचे वर्तनही अधिकारी विचारात घेऊ शकतो, परंतु तेव्हा तो ते तुमच्या आजच्या वागण्याचा अंदाज घेण्यासाठी पाहतो आणि मधली स्वच्छ पाच वर्षे तुमच्या बाजूने उभी असतात.

तारखेला किती वजन असते याचे एक उदाहरण कायद्याच्या इतिहासात आहे आणि ते वाचताना आजही मन सुन्न होते. न्यू यॉर्कमधील लुई रपुई या पाच मुलांच्या बापाने १२ ऑक्टोबर १९३९ रोजी आपल्या तेरा वर्षांच्या, दृष्टिहीन, अबोल आणि अंथरुणाला खिळलेल्या मुलाचा क्लोरोफॉर्म देऊन जीव घेतला. ज्यूरीने त्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले, पण शक्य तितकी दया दाखवण्याची शिफारस केली, आणि न्यायाधीशाने शिक्षा स्थगित ठेवली. त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला तो २२ सप्टेंबर १९४४ रोजी, म्हणजे पाच वर्षे पूर्ण व्हायला तीन आठवडे कमी असताना. १९४७ साली हे प्रकरण न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्यासमोर आले. चांगले चारित्र्य म्हणजे त्या काळच्या समाजात सर्वसाधारणपणे मान्य असलेले वर्तन, या कसोटीवर त्यांनी अर्ज फेटाळला. मात्र नवा अर्ज करण्याची मोकळीक ठेवली आणि एवढा काळ लोटलेली ती दुःखद घटना त्याच्या नागरिकत्वाच्या आड येणार नाही, असेही नमूद केले. ते कृत्य आणि तुमची चूक यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु तीन आठवड्यांची घाई त्या माणसाला किती वर्षे मागे घेऊन गेली, एवढे मात्र लक्षात घ्या.

घाई न करण्याचे दुसरेही कारण आहे. नागरिकत्वाचा अर्ज म्हणजे स्वतःची पूर्ण फाइल सरकारने उघडून पाहावी यासाठी दिलेले निमंत्रण असते. ज्यांच्या नोंदीत गंभीर गुन्हा आहे अशा काहींच्या बाबतीत नुसता अर्ज नाकारला जाऊन भागत नाही, तर हद्दपारीची कारवाईही सुरू होऊ शकते. तुमच्या वर्णनावरून तुम्ही त्या गटात बसत नाही, परंतु माझ्यासमोर तुमच्या कोर्टाचे कागद नाहीत, आणि कागद न पाहता असे ठामपणे सांगणे चुकीचे ठरेल. अर्ज भरण्यापूर्वी केवळ स्थलांतराचेच काम करणाऱ्या वकिलाला कोर्टाची सर्व कागदपत्रे दाखवा. भारतात जाऊन परत येताना विमानतळावर या प्रकरणाची चौकशी होऊ शकते का, हेही त्यांना त्याच बैठकीत विचारा.

कोर्टाचे कागद आजच मागवायला घ्या. तुम्हाला लागेल ते सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे खटल्याचा शेवट काय झाला याचा कोर्टाचा शिक्का असलेला कागद, मूळ तक्रार, पोलिसांचा अहवाल, कबुलीची नोंद, देखरेख पूर्ण झाल्याचा आदेश आणि एक्सपंजमेंटचा आदेश. नोंद पुसली गेल्यामुळे काउंटरवर «आमच्याकडे असे काही नाही» असे उत्तर मिळू शकते. अशा वेळी एक्सपंजमेंटचा आदेश दाखवून आणि गरज पडल्यास वकिलामार्फत मागणी करावी लागते. त्याला वेळ लागतो, आणि तुमच्यापाशी आता तो आहे.

भाड्याच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची बाब दुकानातली घटना नसून हे भाडे आहे. दुकानातली घटना घडून गेली, तिचा निकाल लागला. कराची चूक मात्र दर वर्षी नव्याने घडते आहे. ग्रीन कार्डधारकाला जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिकेत कर विवरण द्यावे लागते, आणि कराचे नियम पाळणे हा चारित्र्याच्या तपासणीचा सरळ भाग आहे. पुण्याच्या फ्लॅटचे भाडे, एनआरओ खात्यावरचे व्याज, मुदत ठेवींचे व्याज हे सर्व दाखवायचे असते. एनआरई खात्याचे, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवण्याच्या खात्याचे, व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून ते अमेरिकेतही करमुक्त असेल, असा समज आपल्या लोकांत फार खोलवर रुजला आहे. तो चूक आहे. भाड्यावर तुम्ही भारतात कर भरला असेल तर त्याची वजावट इथे मिळू शकते आणि घसारा, दुरुस्ती, मालमत्ता कर वजा जाता प्रत्यक्ष देणे पुष्कळदा फारसे उरत नाही. बहुतेकांच्या बाबतीत पैशांपेक्षा न दाखवण्याचीच किंमत मोठी ठरते.

त्याच्या जोडीला एफबीएआर आहे. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सर्व खात्यांतली रक्कम मिळून वर्षातल्या एखाद्या दिवशीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची माहिती दर वर्षी वेगळ्या फॉर्मवर कळवावी लागते. सांगलीच्या बँकेत वडिलांच्या खात्यावर «नंतर अडचण नको» म्हणून तुमचे नाव घातलेले असेल, तर तेही खाते या हिशेबात येते. दोन्ही देशांच्या करांची माहिती असलेल्या सीपीएकडे, म्हणजे परवानाधारक लेखापालाकडे जा, मागच्या वर्षांची सुधारित विवरणपत्रे भरा, आणि हे सर्व नागरिकत्वाच्या अर्जाआधी पूर्ण करा. जाणूनबुजून न चुकलेल्यांसाठी आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, सोयीच्या योजना आहेत. त्यातली कोणती तुम्हाला लागू पडते ते सीपीए सांगतील. देणे एकदम भरता येत नसेल तर हप्ते बांधून घेऊन ते वेळेवर भरत असल्याचे कागद ठेवा. आपणहून दुरुस्त केलेली चूक आणि अधिकाऱ्याने दाखवून दिल्यावर दुरुस्त केलेली चूक यांत तपासणीच्या वेळी मोठे अंतर पडते.

शेजाऱ्यांबद्दल तुम्ही ऐकले त्यात तथ्य आहे. अर्जदाराच्या परिसरात चौकशी करण्याची तरतूद कायद्यात पूर्वीपासून होती. १९९१पासून ती प्रत्यक्षात सरसकट माफ केली जात असे. २२ ऑगस्ट २०२५च्या परिपत्रकाने यूएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्व व स्थलांतराच्या केंद्रीय खात्याने, ही सरसकट माफी मागे घेतली. यापुढे चौकशी करायची की नाही हे प्रत्येक प्रकरण पाहून ठरवले जाणार आहे, आणि शेजारी, मालक, सहकारी यांची पत्रे अधिकारी मागू शकतात. त्याच्या एक आठवडा आधी, १५ ऑगस्टला, याच खात्याने आणखी एक परिपत्रक काढले. त्यानुसार अर्जदाराच्या नावावर वाईट नोंद नाही एवढ्यावर चारित्र्य सिद्ध झाले असे समजायचे नाही, तर त्याने चांगले काय केले हेही पाहायचे आहे. समाजकार्यातला सातत्याचा सहभाग, कुटुंबातल्या माणसांची देखभाल, शिक्षण, कायदेशीर व स्थिर नोकरी, या देशातले दीर्घ वास्तव्य आणि कर भरण्यातला नियमितपणा यांचा त्यात उल्लेख आहे. चूक झाली असेल तर माणूस सुधारल्याचा पुरावाही विचारात घेण्यास सांगितले आहे. या धोरणाने अधिकाऱ्यांच्या हाती फार मोकळा अधिकार दिला असे मला वाटते, आणि त्याची चिंताही वाटते. परंतु तुमच्यासारख्याच्या दृष्टीने त्यात एक संधीही आहे, कारण पुढच्या दीड वर्षात तुम्ही जे कराल ते मोजले जाणार आहे.

पत्रे कोणाकडून आणि कशी घ्यायची याचा विचार आताच करा. तीन-चार पुरेत. मंडळाच्या अध्यक्षांचे मोठे लेटरहेड, खाली सही आणि वर «अत्यंत सज्जन, मनमिळाऊ व कष्टाळू व्यक्ती» असा मजकूर, अशा पत्राचा काही उपयोग नाही, कारण ते कोणाबद्दलही लिहिता येते. त्याउलट शेजारच्या बाईंनी असे लिहिले, की मी यांना २०१९पासून ओळखते, आमची दारे समोरासमोर आहेत, माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने हे दर सोमवारी माझा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवत, त्यांच्या हातून दुकानात घडलेली चूक त्यांनी मला स्वतः सांगितली आहे आणि ती ठाऊक असूनही मी हे पत्र लिहीत आहे, तर त्या पत्रातल्या प्रत्येक वाक्याला आधार आहे. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. ज्याला तुमचा प्रसंग ठाऊक नाही त्याने तुमच्या प्रामाणिकपणाची दिलेली ग्वाही अधिकाऱ्याला पोकळ वाटते, आणि त्याने फोन करून विचारले तर पत्र लिहिणाराही अडचणीत येतो. म्हणून पत्र मागण्याआधी त्या माणसाला खरे सांगा. ते अवघड आहे, हे मी जाणतो. ज्यांना सांगवत नाही त्यांच्याकडून पत्र घेऊ नका. आणि एकच मसुदा चौघांना देऊन सह्या घेऊ नका. प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आपला पत्ता व फोन देऊन लिहावे. मराठी शाळेत रविवारी शिकवत असाल, फूड पँट्रीत जात असाल तर तिथल्या हजेरीची नोंद ठेवा. जात नसाल तर मनापासून जे जमेल तेच सुरू करा. अर्जापुरते केलेले काम तारखांवरून ओळखू येते.

सांगलीच्या दाखल्याचे थोडक्यात. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यातही वर्तणुकीचा रकाना असतो, नोकरीला लागताना पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते, त्यामुळे असा दाखला आपल्याला सुचणे स्वाभाविक आहे. या अर्जाला मात्र तो लागत नाही. तपासणी मुख्यतः तुम्ही जिथे राहता तिथल्या वर्तनाची असते, आणि तुमचे वर्तन तुमच्या परिसरातल्या सर्वसामान्य नागरिकाच्या मापाने मोजावे असे नियमांत म्हटले आहे.

कॉलेजातल्या आंदोलनाची गोष्ट वेगळी आहे. «कधीही» यात सांगलीही आली. ठाण्यात बसवून ठेवणे हे ताब्यात घेणेच आहे, म्हणून त्याचा उल्लेख करा: वर्ष, ठिकाण, कशासाठी, किती वेळ, गुन्हा नोंदला नाही, कोर्टात नेले नाही. गुन्हा नोंदला गेला होता की नाही याची खात्री नसेल तर सांगलीतल्या एखाद्या वकिलाकरवी ठाण्यात चौकशी करून घ्या. अशा प्रसंगाने आजवरच्या पद्धतीत अर्ज अडल्याचे सहसा दिसत नाही. लपवल्यास काय होते ते वर सांगितलेच आहे.

वाहतुकीच्या दंडांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तेही लिहायचे असतात. दारू वा अमली पदार्थांचा संबंध नसेल, अटक झाली नसेल आणि दंड पाचशे डॉलरच्या आत असेल तर त्याचे कागद जोडण्याची सक्ती नाही. तरी मोटार व्हेइकल कमिशनकडून आपला ड्रायव्हिंग ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे वाहन चालवण्याच्या नोंदीचा उतारा, काढून ठेवा आणि पुढचे दीड वर्ष गाडी सावकाश चालवा, कारण बेफिकीर किंवा वारंवार केलेल्या वाहतूकभंगाचा त्या १५ ऑगस्टच्या परिपत्रकात नावानिशी उल्लेख आहे. गांजा न्यू जर्सीत २०२२पासून दुकानात उघडपणे मिळतो, परंतु केंद्राच्या कायद्याने तो अजूनही गुन्हा आहे आणि नागरिकत्वाच्या अर्जात केंद्राचाच कायदा चालतो. त्याच्यापासून पूर्ण लांब राहा.

मुलाखतीसाठी एक पानाचे निवेदन तयार ठेवा. त्यात तारीख, काय केले, कोर्टात काय झाले आणि नंतर काय बदलले एवढेच असावे. नोकरी गेली होती हे एका वाक्यात येऊ द्या. ती वस्तुस्थिती आहे, पण तिच्याआड लपल्यासारखे दिसू नये. «गडबडीत स्कॅन करायचे राहून गेले» असे आता म्हणू नका. तुम्ही कोर्टात कबुली दिली आहे आणि मला लिहिलेल्या पत्रातही सरळ लिहिले आहे, तोच सरळपणा तिथेही राहू द्या. उजवा हात वर करून शपथ घेतल्यावर अधिकारी अर्जातले प्रश्न एकामागून एक विचारतो. अटकेच्या प्रश्नावर «हो, एकदा न्यू जर्सीत, आणि विद्यार्थी असताना भारतात एकदा ताब्यात घेतले होते, दोन्हींची माहिती जोडली आहे» इतके बोलून थांबा. पुढे तो विचारेल तेवढेच सांगा.

तुमच्या आईवडिलांना यातून काही कळेल ही भीती मनातून काढून टाका. अर्जाची फाइल कोणालाही पाहता येत नाही आणि सांगलीला कोणतेही पत्र जात नाही. त्यांना सांगायचे की नाही हा तुमचा घरचा निर्णय आहे.

राहता राहिला तुमच्या पत्नीचा अर्ज. त्यांनी तुमच्यासाठी थांबण्याचे कारण नाही. चारित्र्याची तपासणी प्रत्येकाची स्वतंत्र होते आणि तुमच्या अटकेचा बोजा त्यांच्यावर येत नाही. मात्र तुम्ही दोघे मिळून एकच कर विवरणपत्र भरत असाल तर न दाखवलेल्या भाड्यावर त्यांचीही सही आहे. म्हणून आधी सीपीए, सुधारित विवरणपत्रे आणि एफबीएआर, आणि ते भरल्याच्या पावत्या हातात आल्या की त्यांचा अर्ज. यात दिरंगाई करू नका, कारण मुलगा सोळा वर्षांचा आहे. तो अठराचा होण्याआधी आईला नागरिकत्व मिळाले, आणि तेव्हा तो ग्रीन कार्डवर तुमच्याजवळच राहत असला, तर कायद्याने तोही त्याच दिवशी आपोआप नागरिक होतो. त्याला वेगळी परीक्षा नाही, मुलाखत नाही. आईचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, त्याचा जन्मदाखला आणि ग्रीन कार्ड घेऊन त्याच्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र त्याला स्वतःचा एन-४०० भरावा लागेल. त्यामुळे या आठवड्यात एकच फोन करायचा असेल तर तो सीपीएला करा.